दुसऱ्याच्या सीड्या

रुवीतल्या आमच्या खोलीत शुक्रवार उगवतो दुपारी,
नमाजाहून माणसं परतली की.
चार खाटा, एक खिडकी, खिडकीत एसी,
म्हणजे खिडकी नाहीच म्हणायची.

लियाकत सोलकरचा लॅपटॉप मांडीवर घेऊन मी बसलोय.
कॉम्पॅक. निळा पडदा, पांढरी अक्षरं, मग काळोख,
सकाळपासून अकरा वेळा.
त्याच्या स्वतःच्या सीड्या कधी नव्हत्याच,
सगळं हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात दडवून दिलेलं असतं
आणि तो कोपरा गेल्या रमजानात
जागा वाढवून देतो म्हणत मीच पुसला.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

आहेत त्या सीड्या डेलच्या.
कुलासोसाहेब कायमचे मडगावला गेले तेव्हा
खोक्यात ठेवून गेले एक इस्त्री, अर्धी बाटली व्हिनेगर
आणि या दोन, वर ठसठशीत छापलेल्या :
फक्त डेलच्याच संगणकासाठी.
'चालेल?' लियाकत विचारतो.
माझ्या लेबर कार्डावर गवंडी लिहिलंय.
जन्मात थापी धरली नाही,
सहा वर्षं स्टोअर सांभाळतोय.
'बघू,' मी म्हणतो.

पुसण्याआधी विचारलं, काय काय ठेवायचं?
पेनड्राइव्ह चार जीबीचा,
त्यात निम्म्या सुपरवायझरच्या टाइमशीटा.
बोहारणीपुढे गाठोडं सोडून बसावं
तसा तो फोल्डरांकडे बघत राहिला.
लग्नाच्या फोटोंचा अल्बम गावी आहे.
गाणी काय, मिळतील.
'विहीर ठेव,' म्हणाला. 'बाकी जाऊ दे.'

एफ-आठ दाबला. मान्य आहे.
काय मान्य आहे ते आजवर कुणी वाचलेलं नाही.
चौतीस मिनिटं उरली, यंत्र म्हणालं,
आणि दोन चहा होईपर्यंत चौतीसच उरली होती.
पोटाखालचं स्टिकर मांडीला घासून घासून पुसट,
हा बी की आठ?
लियाकत टॉर्च धरून गुडघ्यावर,
जसा काही काटाच काढतोय.
बी. नाही. आठ.
घेतलं.

उठला एकदाचा.
पोटात कॉम्पॅक, कपाळावर डेल,
पडद्यावर सगळं हत्तीच्या पायाएवढं मोठं.
नेट नाही. आवाज नाही.
ध्वनीचं उपकरण सापडलं नाही म्हणतो,
दुसऱ्याच्या सीडीला याचा गळा कसा ओळखू यावा.

तरी त्यानं विहीर लावलीच.
घरामागची, बत्तीस फुटांवरची,
चुलतभावानं मोबाइलवर घेतलेली.
जांभ्याच्या लाल भिंती, तळाशी दोन डोकी,
मग पायांभोवती काहीतरी चमकतं
आणि काठावरची सगळी तोंडं एकदम उघडतात,
मुकी.
लियाकत पडद्यावर बोट ठेवून सांगत गेला :
हा इद्रुस, म्हणतोय, फुटला रे फुटला.
हे मामू, म्हणतायत, चाखून बघा, खारं नाही ना.
आणि ही, खांबाआड, पदर तोंडात धरलेली,
ही म्हणतेय, आधी त्यांना फोन लावा.
खालच्या खाटेवरचा नेपाळी पोरगा
मराठीचं अक्षर न कळता हसला.

पुढच्या शुक्रवारी मी हमरियाच्या दुकानातून
आवाजाचा ड्रायव्हर आणला, पाचशे बैसा देऊन.
टाकला. विहीर लावली.
वारा. मोबाइलवर बोट घासल्याची खरखर.
आणि कुणीतरी, तीनदा :
अरे पंप कुणी आणला का, पंप?
बस्स. एवढंच होतं.

शेवटपर्यंत ऐकून लियाकतनं
कोपऱ्यातल्या त्या छोट्या भोंग्यावर बाण नेला,
दाबला,
आणि परत पहिल्यापासून लावली.
'बघ हां,' मला म्हणाला, 'आता इद्रुस काय म्हणतो ते.'

पुसलेल्या कोपऱ्याचं
तेव्हाही सांगायचं राहिलं.